हगवणबाई आणि दोन मांजरं

पशुवैद्यक कॉलेजातली मुलं बाईंना पाठीमागे हगवणबाई म्हणत, आणि हे बाईंना ठाऊक होतं. एकतीस वर्षं वासरांच्या हगवणीवर बोलत राहिलेल्या बाईला दुसरं म्हणणार तरी काय? सुरुवातीला त्यांना राग यायचा, पुढे हसू यायला लागलं आणि आता दोन्ही येईनासं झालं होतं. परवा व्हरांड्यात कुणीतरी "आली रे हगवणबाई" असं कुजबुजलं, तेव्हा त्यांनी मानही न वळवता "आली" म्हटलं आणि वर्गात शिरल्या.

निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. गुडघे त्याच्या बरेच आधी निवृत्त झाले होते. तरी रोज सकाळी सहाला बाई कॉलेजच्या गोठ्यात हजर असत. वासरांच्या खोलीत फिरायचा त्यांचा एक क्रम होता. सगळ्यात लहान आणि ठणठणीत वासरू आधी, मग मोठी, आणि हगवण लागलेली सगळ्यात शेवटी. शेवटच्या कप्प्यात पाय टाकलेल्या माणसाने मागे वळायचं नाही, मग मागे थर्मामीटर राहो नाहीतर चष्मा. एकदा खरंच चष्मा राहिला होता, तेव्हा बाई आंधळ्या कोशिंबिरीतल्यासारख्या चाचपडत बसमध्ये चढल्या होत्या. "विषाणूला पाय नसतात, तो तुमचे वापरतो," हे त्या दरवर्षी सांगायच्या. मुलं ते वहीत सुवाच्य अक्षरात लिहून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी आजारी वासराच्या कप्प्यातून तेच बूट घालून थेट काल जन्मलेल्याकडे जायची. पालथ्या घड्यावर पाणी. पूर्वी बाई अशा वेळी ओरडायच्या. आता नुसतं जंतुनाशकाच्या घमेल्याकडे बोट दाखवायच्या.

माणसांत ती मोठी साथ येऊन गेल्यापासून मात्र त्यांच्या विषयाला अचानक भाव आला होता. एरवी पेंगणारी मुलं 'करोना' शब्द ऐकला की ताठ बसत. बाई म्हणत, तुम्हाला हा आता भेटला, आमची वासरं-डुकरं त्याला पूर्वीपासून ओळखतात. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने तर, मांजरांतही करोना असतो हे ऐकल्यापासून, जिन्यात मांजर दिसलं की नाकाला पदर लावायला सुरुवात केली होती. मांजराचा करोना माणसाला होत नाही, हे बाईंनी तिला तीनदा समजावलं. चौथ्यांदा समजावायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

जिन्यातलं ते मांजर बाईंच्याच घरचं होतं. म्हणजे ताईंचं.

ताई म्हणजे बाईंची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. नवरा जाऊन चौदा वर्षं झाली. ज्याच्यामुळे नातं जुळलं तो गेला आणि नातं तेवढं दोघींच्या गळ्यात राहिलं. तीन खोल्यांच्या घरात दोघी राहत होत्या. ताई शिवणकाम करायच्या. पडदे, उशांचे अभ्रे, लोकांच्या पँटी आखूड करणं. बोलणं फार नव्हतं, भांडण तर मुळीच नव्हतं. सकाळी बाई निघताना ताई डबा हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "निघाल्या डॉक्टरीणबाई हगवण काढायला." एवढी थट्टा दोघींना दिवसभर पुरायची.

आणि ताईंचा बाईंच्या डॉक्टरकीवर आंधळा विश्वास होता. शेजारपाजारचं कुणी जनावराबद्दल काही बोललं, की ताई हातातली कात्री खाली ठेवून सांगायच्या, "आमच्या घरात डॉक्टर आहे. ती म्हणाली म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." हे वाक्य ऐकलं की बाई उठून स्वयंपाकघरात जायच्या. कारण सांगायला पाणी प्यायचं असायचं.

खरं कारण अकरा वर्षांचं जुनं होतं, आणि त्याचं नाव ठमी.

ठमी ताईंची पहिली मांजर, लठ्ठ आणि आळशी. अकरा वर्षांपूर्वी ती वाळायला लागली. मधूनमधून उलटी, अंगात कणकण, पोटाला हात लावला की गुरगुर. त्या आठवड्यात बाईंकडे दवाखान्यात पोटात पाणी झालेली चार मांजरं आली होती आणि चारही गेली होती. एफआयपी. मांजरांतल्या करोना विषाणूचं भयंकर रूप. विषाणू तसा बहुतेक मांजरांच्या आतड्यात असतो आणि काही करत नाही, पण एखाद्याच्या शरीरात तो रूप पालटतो आणि मग पोटात, छातीत पाणी भरतं. त्या काळी त्यावर औषध नव्हतं. बाईंनी ठमीचं रक्त तपासलं. विषाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांचा आकडा आला एकास सोळाशे. आकडा मोठा होता आणि बाई थकलेल्या होत्या.

ताई तेव्हा एकदा म्हणाल्या होत्या, "अगं, ती तोंड वाकडं करून खाते. जीभ अशी आत ओढल्यासारखी करते."

"मांजरं करतात असं, ताई," बाई म्हणाल्या होत्या.

मग त्यांनी ताईंना समजावलं. या आजारातून कुणी उठत नाही. यात वाट बघणं म्हणजे जनावराचा छळ. ताईंनी ऐकलं. ताईंच्या मांडीवरच बाईंनी ठमीला इंजेक्शन दिलं, अगदी हळुवार, आणि ठमी काही न कळता गेली.

कॉलेजात एक नियम होता, आहे. ज्या डॉक्टरने जनावर झोपवलं, त्यानेच ते उघडून बघायचं आणि जे सापडेल ते वहीत लिहायचं. घरचं असलं तरी. बाईंनी ठमीला टॉवेलमध्ये गुंडाळून नेलं आणि सुट्टीच्या दिवशी एकटीने टेबलावर घेतलं. पोटात ते चिकट पिवळं पाणी नव्हतं. आतडी मात्र एका दोऱ्यावर ओवल्यासारखी गोळा झाली होती, आणि तो दोरा कुठून येतो ते बघत बघत बाई वर गेल्या तेव्हा तो जिभेच्या मुळाशी वेटोळं घालून अडकलेला मिळाला. शिवणाचा दोरा, पांढरा. जीभ उचलून बघितली असती तर दिसला असता. एका छोट्या ऑपरेशनाचं काम होतं.

आकडा खोटा नव्हता. आकडा एवढंच सांगत होता, की हे मांजर कधीतरी त्या विषाणूला भेटलंय. तसं तर रस्त्यावरचं अर्धं मांजरकुळ भेटलेलं असतं. हे बाई स्वतः शिकवत होत्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

वहीत बाईंनी सगळं खरं लिहिलं. मालकाच्या रकान्यात 'घरचे' एवढंच लिहिलं. घरी येऊन मात्र त्या काही बोलल्या नाहीत. ताईंना कळलं, की दोरा त्यांच्याच शिवणाचा, तर त्या आयुष्यभर स्वतःला खात बसतील, त्यापेक्षा आजार बरा, असं त्यांनी ठरवलं. हे अर्धं खरं होतं. अर्ध्या खऱ्यासारखं टिकाऊ दुसरं काही नसतं, ते अकरा वर्षं सहज टिकलं.

ताईंनी पुन्हा मांजर पाळणार नाही अशी शपथ घेतली होती. मग गेल्या वर्षी एक करडं पिल्लू आपणहून तीन मजले चढून आलं आणि शिवणयंत्राच्या पायट्यावर झोपलं. ताईंनी शपथ मोडली नाही. पिल्लाला नाव ठेवलं नाही, म्हणजे पाळलं नाही. नुसतं "ए आगाऊ" अशी हाक मारायच्या. आगाऊ बाईंच्या हातांना येणाऱ्या औषधाच्या वासाने कपाटाखाली पळायची आणि ताईंच्या मांडीवरून हलायची नाही.

आता आगाऊ दहा महिन्यांची झाली होती, आणि आठवडाभर तिला ताप होता. पाठीचा कणा हाताला लागत होता आणि पोट मात्र फुगलेलं. रविवारी सकाळी बाईंनी तिला स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतलं. सगळ्यात आधी त्यांनी तिची जीभ उचलून बघितली. अकरा वर्षं त्या प्रत्येक मांजराची जीभ उचलत होत्या, लस टोचायला आलेल्याचीसुद्धा. मुलं त्यावरूनही नकला करायची. जिभेखाली काही नव्हतं. मग त्यांनी बारीक सुईने पोटातलं पाणी काढलं. ते पिवळंधमक आलं, आणि सुईच्या टोकाला तार धरून राहिलं.

"मधासारखं दिसतंय," ताई म्हणाल्या.

बाईंनी काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, त्यात व्हिनेगरचा एक थेंब ढवळला आणि वरून त्या पिवळ्या पाण्याचा एक थेंब सोडला. तो विरघळला नाही. तसाच आकार धरून, खाली शेपूट सोडून, पाण्यात लोंबत राहिला. ताई पेल्याजवळ डोळे नेऊन बघत राहिल्या. त्यांना वाटलं काहीतरी चांगलं घडलं असावं, एवढं ते नीटस दिसत होतं. थेंब न विरघळणं ही त्या आजाराची खूण, पण बाईंनी त्या थेंबावरही भरवसा ठेवला नाही. उरलेलं पाणी प्रयोगशाळेत पाठवलं. बुधवारी उत्तर आलं. या वेळी खरोखरच एफआयपी होता.

फरक एवढाच, की आता औषध होतं. रोज ठरल्या वेळी एक गोळी, बारा आठवडे. बुधवारी संध्याकाळी बाई गोळ्या घेऊनच घरी आल्या. कितीतरी दिवसांनी त्या न थांबता जिना चढल्या.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नको."

"नको म्हणजे?"

"ठमीला केलंस तसं हिला कर. तिला काही कळलं नाही. डोळे मिटले आणि सुटली."

"तेव्हा औषध नव्हतं, ताई."

"तू काय म्हणाली होतीस, आठवतं? यात वाट बघणं म्हणजे जनावराचा छळ. त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली. रोज मनाला सांगते, आपण छळ नाही केला, वेळेवर सोडवलं. आणि आता तूच म्हणतेस वाट बघू. तीही बारा आठवडे."

"दहातली आठ वाचतात आता. नऊसुद्धा."

"आणि उरलेली? ती कोण बघत बसणार? तू दिवसभर गोठ्यात. ही माझ्या मांडीवर तडफडणार, मी बघणार." ताईंनी आगाऊच्या कानामागे बोट फिरवलं. "शनिवारी सुट्टी असते ना तुला? शनिवारी कर."

बाईंना वाटलं, आपणच पकडून द्यावी गोळी, विचारायचं कशाला? पण मांजर ताईंचं होतं. मालक नाही म्हणाला तर समजवा, पुन्हा समजवा, पण चोरून हात घालू नका, हेही त्याच शिकवत. शिवाय शनिवारपर्यंत मध्ये दोनच दिवस होते, आणि आगाऊने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. गोळीला उशीर झाला असता तर शनिवारची गरजही पडली नसती. रात्री जेवताना बाईंनी आणखी दोनदा विषय काढला. ताईंनी दोन्ही वेळा भाजी वाढली.

गुरुवारी त्यांचा तो तास होता, 'पाळीव जनावरांतले करोना विषाणू'. दरवर्षी एकदाच येणारा. बाईंनी तो झोपेतही घेतला असता, आणि त्या दिवशी जवळजवळ तसाच घेतला. वासरू एक ते तीन आठवड्यांचं, पातळ पिवळी हगवण, डोळे खोल. वासरू हगवणीने मरत नाही, अंगातलं पाणी गेल्याने मरतं. तेव्हा आधी क्षार-पाणी, औषधांची नावं मागाहून. जन्मल्याबरोबर सहा तासांत पोटभर चीक पाजा, लोक तो खरवसासाठी काढून घेतात, त्यांच्याशी भांडा. डुकराचं पिल्लू आठवड्याच्या आतलं असेल तर जवळजवळ सगळं वेत जातं. साथ एका वाड्यातून दुसऱ्यात बहुतेक वेळा गाडीच्या चाकांवरून आणि डॉक्टरच्या बुटांवरून जाते, लाज वाटू द्या. कोंबडीत खोकला, मग वेडीवाकडी अंडी, आतलं पांढरं पाण्यासारखं. कुणीतरी विचारलं, ते अंडं खाल्लं तर? "तर ऑम्लेट होतं," बाई म्हणाल्या. वर्ग हसला.

मग मांजर. पडद्यावर नेहमीचं चित्र आलं, दोऱ्यावर गोळा झालेल्या आतड्यांचं, आणि बाईंनी नेहमीची गोष्ट सांगायला घेतली. एका डॉक्टरकडे एक मांजर आलं. आकडा मोठा होता. डॉक्टरने आकडा बघितला, मांजर बघितलं नाही. म्हणून आकड्यावर जनावर मारू नका, आणि मांजर कशासाठीही आलं तरी आधी जीभ उचला.

मधल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. ही मुलगी एरवी 'हे परीक्षेत येईल का' एवढंच विचारायची.

"मॅडम, त्या डॉक्टरांनी मालकाला सांगितलं का?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मुलं आकडा लिहून घ्यायची, जीभ लिहून घ्यायची. बाई पडद्याकडे बघत राहिल्या. खालून कुणीतरी बेंच सरकवला.

"नाही," बाई म्हणाल्या. आणि तासाला वीस मिनिटं शिल्लक असताना त्यांनी प्रोजेक्टर बंद केला.

त्या तशाच घरी आल्या. दुपारचे पावणेतीन वाजले होते. या वेळी घर कसं दिसतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पुढच्या खोलीत खिडकीतून ऊन थेट शिवणयंत्रावर येत होतं, आणि ताई यंत्र बंद ठेवून, आगाऊला मांडीवर घेऊन नुसत्या बसल्या होत्या. बाईंना बघून त्या दचकल्या.

"बरं नाही का तुला?"

"ताई, ठमीला तो आजार नव्हता."

बसल्यावर सांगू, पाणी पिऊन सांगू, असं त्यांनी बसमध्ये ठरवलं होतं. पण वाक्य दारातच बाहेर पडलं, खांद्यावरची पर्स तशीच.

"कुठला आजार?"

"हा. हिला आहे तो. ठमीला नव्हता. माझी चूक झाली. मी तिला उघडून बघितलं तेव्हा कळलं. तेव्हाच कळलं, ताई. अकरा वर्षं माहीत आहे मला."

ताईंचा हात मांजराच्या पाठीवर थांबला. "मग काय होतं?"

बाईंना इथेही थांबता आलं असतं. दुसरा एखादा आजार सांगून टाकता आला असता; शेकड्याने नावं पाठ होती त्यांना.

"दोरा गिळला होता तिने. जिभेखाली अडकला होता."

"दोरा." ताईंनी यंत्राकडे बघितलं, मग खाली फरशीकडे. "तोंड वाकडं करून खायची, ते त्याच्यामुळे?"

"हो."

"मी सांगितलं होतं तुला."

"हो."

"तू काय म्हणालीस?"

"मांजरं करतात असं, म्हटलं."

"काढता आला असता?"

"आला असता."

ताई रडतील असं बाईंना वाटलं होतं. ताई रडल्या असत्या तर बरं झालं असतं. बाईंना काहीतरी करता आलं असतं, पाणी आणता आलं असतं. पण ताई ताठ बसून राहिल्या. भिंतीला टेकायचीही हिंमत होत नव्हती, म्हणून त्या दारातच उभ्या राहिल्या.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं," असं त्या म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच ते किती पोकळ आहे हे त्यांना ऐकू आलं. "ते खरं नाही. मलाच सांगता आलं नाही."

"दोरा माझा होता," ताई शेवटी म्हणाल्या. "पण बघायचं काम तुझं होतं."

"हो."

"म्हणजे छळ नको म्हणून सोडवलं वगैरे काही नाही. उगीच मारलं आपण तिला."

"मी मारलं."

आगाऊने डोळे अर्धवट उघडले आणि पुन्हा मिटले. तिचं फुगलेलं पोट भराभर वरखाली होत होतं. ताईंनी तिच्याकडे बघितलं.

"ही वाचेल म्हणतेस, ते तरी खरं आहे का?"

"या वेळी सगळ्या तपासण्या केल्यात, ताई. आजार हाच आहे. वाचेलच असं नाही म्हणत. वाचण्याची आशा मोठी आहे, पण तीही आजच सुरू केलं तर."

"कुठायत गोळ्या?"

बाईंनी पर्समधून डबी काढली आणि मांजराला घ्यायला पुढे वाकल्या. ताईंनी मांडीवरचा हात आडवा केला.

"तिला हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "कसं द्यायचं ते दाखव. तिथूनच दाखव."

बाई जागीच थांबल्या. एकतीस वर्षं त्यांनी हे शेकडो मुलांना जनावर हातात घेऊन शिकवलं होतं. आता त्यांनी डाव्या हाताची मूठ वळली आणि छातीसमोर धरली. हे मांजराचं डोकं, त्या म्हणाल्या. इथे, जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांवर, अंगठा आणि बोट. नाक छताकडे करायचं, म्हणजे तोंड आपोआप सैल पडतं. दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाने खालचा जबडा दाबायचा आणि गोळी जिभेच्या अगदी मुळाशी टाकायची. तोंड मिटून गळ्यावरून बोट फिरवायचं. मग थोडं पाणी. ताई त्या मुठीकडे डोळ्यांत तेल घालून बघत होत्या. एकदाही त्यांनी नजर वर करून बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही.

पहिल्या वेळी आगाऊने गोळी थुंकली. ताईंनी ती यंत्राजवळ शिवायला पडलेल्या फ्रॉकच्या कापडावरून उचलली, पुसली आणि पुन्हा दिली. दुसऱ्या वेळी गळा हलला.

"किती वाजले?" ताईंनी विचारलं.

"तीन वाजून दहा मिनिटं."

"रोज याच वेळी द्यायची म्हणालीस ना?"

"हो. वेळ चुकवायची नाही."

"नाही चुकणार," ताई म्हणाल्या. "या वेळी तू घरात नसतेस, ते बरंच आहे."

बाईंनी मान हलवली, आणि वळलेली मूठ सोडली.